शेवग्याचा अर्क खरंच हार्मोनसारखा काम करतो का? घरी तपासायचं कसं?

दिंडोरीची_वेल | ११ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची दिंडोरी तालुक्यात दोन एकर थॉम्पसन द्राक्ष आहे. मी आणि मिस्टर दोघं मिळून बघतो. मी बीएस्सीपर्यंत शिकले, पण प्रयोगशाळेशी संबंध तुटून पंधरा वर्षं झाली, त्यामुळे चुकलं तर सांगा.

गेल्या हंगामात दुकानदाराने दीड हजाराची एक बाटली दिली. वर लिहिलंय, "१०० टक्के वनस्पतीजन्य, समुद्री शैवाल व वनस्पती अर्क, नैसर्गिक हार्मोनप्रमाणे कार्य". आत नेमकं काय आणि किती, त्याचा उल्लेख नाही. दुसरीकडे गावातल्या बचतगटाच्या बायका शेवग्याचा पाला वाटून, गाळून, तीसपट पाण्यात मिसळून भाजीपाल्यावर मारतात आणि फरक पडतो म्हणतात. कोणी नारळपाणी सांगतं. फरक पडतो हे मी खोटं म्हणत नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की तो हार्मोनचा फरक आहे की नुसत्या खताचा. कारण हार्मोन असेल तर मात्रा चुकली की नुकसान होतं, हे जीएच्या (जिबरेलिक आम्ल, मणी वाढवायचं हार्मोन) बाबतीत आम्ही भोगलेलं आहे.

म्हणून मागच्या आठवड्यात मुगावर एक प्रयोग केला. मूग उगवून नऊ दिवसांची रोपं घेतली, मूळ कापून टाकलं, वरची दोन पानं आणि खाली तीन सेंटिमीटर दांडा ठेवला. दहा-दहा दांड्या चार ग्लासांत. सहा दिवसांनी दर दांडीला फुटलेल्या मुळ्या मोजल्या. सरासरी अशी:

साधं पाणी: ७
शेवगा अर्क, ३० पट पातळ: ३
नारळपाणी, १० पट पातळ: २ (पाण्याला वास आला)
बाटली, लिटरला २ मिली: १९

मिस्टर म्हणाले, बघ, बाटलीच खरी. मला पटत नाही. शेवग्याने मुळ्या कमी झाल्या म्हणजे त्यात हार्मोन नाही, असं म्हणायचं का?

---

निफाडचा_बागायतदार | ११ जुलै, रात्री १०:१५

ताई, चांगला विषय काढला. टॉनिकच्या बाटल्यांवर आपला एकरी किती खर्च होतो हे कोणी लिहून ठेवत नाही. मी तीन वर्षं लिहिला आणि आकडा बघून निम्म्या बाटल्या बंद केल्या. मालात काही फरक पडला नाही.

पण "वनस्पतीजन्य" या शब्दावर विसंबू नका, एवढं कळकळीने सांगतो. २०१० आठवतं का? युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले. आपण ज्याला सीसीसी म्हणतो तेच. फुटीचा जोर रोखून काडीत घड धरायला वापरायचो. तेव्हा आमच्या घरातही दोन रात्री कोणी झोपलं नव्हतं. त्यानंतर मी ठरवलं, आत काय आहे ते माहीत नसेल तर बागेत न्यायचं नाही.

तुमच्या ग्लासातल्या १९ मुळ्या बघून मला आनंदाऐवजी काळजी वाटली. साध्या पाल्याच्या अर्काने एवढा जोर येत नाही.

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १२ जुलै, सकाळी ७:०५

दिंडोरीची_वेल, चार ग्लासांत साध्या पाण्याचा ग्लास ठेवलात, म्हणजे पाया भक्कम आहे. आता अर्थ लावू.

झाडाच्या सगळ्या संप्रेरकांना, म्हणजे हार्मोनना, एका चाचणीत पकडता येत नाही. प्रत्येकाची खूण वेगळी. मुगाच्या दांडीला मुळ्या फुटणे ही ऑक्झिन या संप्रेरक गटाची खूण. म्हणूनच कलमाला लावायच्या पावडरीत आयबीए किंवा एनएए हे ऑक्झिन असतं. शेवग्याच्या पाल्यात आणि नारळपाण्यात ज्याची चर्चा होते ते झिएटिन. ते सायटोकायनिन गटातलं, म्हणजे पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकांतलं. आणि सायटोकायनिन दांडीवर नव्या मुळ्या फुटायला अडवतं.

म्हणजे तुमच्या शेवग्याने ७ च्या ३ मुळ्या केल्या, हा सायटोकायनिन नसल्याचा पुरावा नाही. उलट असल्याचा असू शकतो. पण लगेच आनंद मानू नका. अर्क आंबला, दांडी कुजली, अर्कातल्या एखाद्या कडू द्रव्याने पेशी मेल्या, तरीही मुळ्या कमीच येतील. नारळपाण्याच्या ग्लासाला वास आला म्हणता, तिथे जिवाणूंनी कारभार हातात घेतला होता. तो आकडा सोडून द्या.

थोडक्यात, तुम्ही शेवग्याला चुकीचा प्रश्न विचारलात. त्याला विचारायचा प्रश्न असा: कापलेलं बीजपत्र (अंकुराचं पहिलं जाड पान) तू मोठं करतोस का? तोडलेलं पान अंधारात हिरवं ठेवतोस का? या दोन्ही सायटोकायनिनच्या जुन्या, तावून सुलाखून निघालेल्या चाचण्या आहेत.

आणि एक गोष्ट मला सांगा. बाटलीच्या ग्लासातल्या मुळ्या दांडीवर कुठे आल्या? खाली टोकाशी, की वरपर्यंत?

---

दिंडोरीची_वेल | १२ जुलै, दुपारी १:३०

सर, आत्ता ग्लास पुन्हा बघितले. पाण्यातल्या दांडीला मुळ्या खालच्या एक-सव्वा सेंटिमीटरमध्येच आहेत, ओळीने. बाटलीतल्या दांडीला जवळजवळ पूर्ण बुडलेल्या भागावर आहेत, आखूड आणि दाट. दांडीही थोडी फुगलीय.

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १२ जुलै, दुपारी २:१०

हे ऑक्झिनचं वागणं आहे. नुसत्या खताने मुळ्या लांब होतील, चार जास्त येतील, पण दांडीभर वरपर्यंत फुटणार नाहीत.

---

गच्चीवरची_बाग | १२ जुलै, दुपारी ४:४५

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मी डोंबिवलीत गच्चीवर गुलाब लावते. कलमाच्या टोकाला मध, दालचिनी, कोरफड असं सगळं करून झालंय. कोरफडीत खोचलेली जास्त जगतात असं वाटतं, पण मी साधी काडी शेजारी कधीच लावली नाही, त्यामुळे खरं काय ते माझं मलाच माहीत नाही. हे वाचून लाज वाटली. पुढच्या वेळी अर्ध्या काड्या नुसत्याच लावणार.

सर, वाळुंजाच्या फांद्या भिजवलेल्या पाण्याचं कोणी सांगितलं होतं. त्यात काही तथ्य आहे का?

---

केळी_रोपवाला | १२ जुलै, रात्री ८:२०

मी जळगावकडे टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे, अकरा वर्षं झाली. वाळुंजाबद्दल मास्तर बोलतील, मी नारळपाण्याबद्दल लिहितो, कारण ती गोष्ट फार मोलाची आहे.

१९४१ मध्ये योहानेस व्हान ओव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण काचेत वाढवायला घेतले. साखर, क्षार, जीवनसत्त्वं सगळं दिलं तरी ते मरायचे. नारळाचं पाणी घातलं आणि ते वाढायला लागले. हा झाला पहिला धागा. सगळे शोधायला लागले, नारळात आहे तरी काय? १९५५ मध्ये शँट्झ आणि स्टीवर्ड यांना त्यात डायफेनिल युरिया सापडला आणि तो सायटोकायनिनसारखा वागतो हेही दिसलं. खूप गाजावाजा झाला. पुढे मात्र तो नारळातला नसून त्यांच्याच प्रयोगशाळेतली भेसळ असावी असं मानलं गेलं. नारळपाण्यातलं खरं बलवान द्रव्य झिएटिनच्या कुळातलं निघालं. झिएटिन आधी १९६३ मध्ये लेथम यांनी कोवळ्या मक्याच्या दाण्यातून वेगळं केलेलं होतं.

आता द्राक्षवाल्यांसाठी महत्त्वाचं. तो भेसळीचा डायफेनिल युरिया खोटा ठरला तरी त्याची क्रिया खोटी नव्हती. रसायनशास्त्रज्ञ त्याच सांगाड्यात फेरफार करत गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सीपीपीयू तयार झालं. मणी फुगवायला तुम्ही ज्यात घड बुडवता तेच. चुकून सापडलेलं द्रव्य निसर्गातलं नव्हतं, पण हार्मोनसारखं काम करत होतं.

म्हणून "हार्मोनसारखं काम करतं" आणि "नैसर्गिक आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ताईंच्या बाटलीवर त्या दोन्ही एकाच ओळीत लिहिल्यात.

ऑर्किडच्या माध्यमात नारळपाणी आजही घालतात, साधारण १०-१५ टक्के. पण प्रत्येक नारळाचं पाणी वेगळं. शहाळं आणि पिकला नारळ यात तर जमीन-अस्मानाचा फरक. केळीला आम्ही मोजून बीएपी हे तयार सायटोकायनिनच घालतो. मोजता येणं हाच त्याचा मोठा गुण.

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १३ जुलै, सकाळी ६:५०

रोपवाले, छान लिहिलंत. अनुमोदन.

गच्चीताई, वाळुंजाच्या काड्या स्वतः झटकन मुळ्या धरतात हे नक्की. त्यात सॅलिसिलिक आम्लाच्या जातीची द्रव्यं भरपूर असतात. पण त्या पाण्याने दुसऱ्या झाडाच्या काडीलाही मुळ्या फुटतात का, याचं उत्तर तुमच्याच गच्चीवर आहे. दहा काड्या वाळुंजाच्या पाण्यात, दहा साध्या पाण्यात ठेवा. लाज कसली, आत्ता सुरू करा.

---

उट्रेख्टकर | १३ जुलै, दुपारी ३:००

मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. मास्तरांनी खुणेचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण ही सगळी पद्धत जिथे जन्मली ते विद्यापीठ माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर आहे.

फ्रिट्स वेंट इथलाच. १९२६ ते १९२८ या काळात त्याने ओटच्या अंकुराची टोकं कापून अगरच्या (शैवालापासूनच्या जेलीच्या) तुकड्यावर ठेवली. टोकातलं जे काही खाली झिरपतं ते अगरमध्ये उतरलं. मग टोक काढून टाकलं आणि तो अगरचा तुकडा मुंडक्याविना उभ्या अंकुरावर एका बाजूला ठेवला. अंकुर विरुद्ध बाजूला वाकला. किती वाकला ते कोनमापकाने मोजलं, आणि ठरावीक मर्यादेत द्रव्य जेवढं जास्त तेवढा कोन जास्त. द्रव्याचं नाव-गाव माहीत नसताना ते किती आहे हे मोजता आलं!

आणि या प्रयोगात मला सगळ्यात आवडतो तो साधा अगरचा तुकडा, ज्यावर कधीच टोक ठेवलेलं नव्हतं. तो ठेवला तर अंकुर वाकत नाही. बाकी सगळ्याचा अर्थ त्या रिकाम्या तुकड्यामुळे लागतो. ताईंचा साध्या पाण्याचा ग्लास म्हणजे तोच.

---

राहुरीचा_माजी_विद्यार्थी | १३ जुलै, रात्री ९:३०

ट्रायकॉन्टॅनॉलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे बाजारात ते आजही मिळतं, आणि ज्याने कोणी हा प्रश्न मनापासून विचारला त्याने त्याचा इतिहास वाचलाच पाहिजे.

मिशिगन राज्य विद्यापीठात स्टॅन्ली रीस आणि सहकाऱ्यांना दिसलं की टोमॅटोच्या ओळीशेजारी वाळलेल्या लसूणघासाचा चुरा टाकला तर उत्पादन वाढतं. पहिली शंका साहजिक: घासातलं नत्र. पण तेवढंच नत्र खतातून दिलं तरी तेवढी वाढ मिळेना. मग घासातून एकेक भाग वेगळा करत ते एका मेणचट स्फटिकापर्यंत पोचले. तीस कार्बनची सरळ साखळी असलेलं अल्कोहोल, म्हणजे ट्रायकॉन्टॅनॉल. मधमाशीच्या मेणातही ते असतं. १९७७ मध्ये जाहीर झालं आणि सगळीकडे आशा पसरली, कारण मात्रा अगदी सूक्ष्म लागायची.

शेतात मात्र कधी फरक दिसायचा, कधी अजिबात नाही. का? त्याच गटाने शोधलं. अठ्ठावीस कार्बनचं त्याचंच भावंड, ऑक्टाकोसॅनॉल, तेवढ्याच सूक्ष्म प्रमाणात मिसळलेलं असेल तर ट्रायकॉन्टॅनॉलची क्रिया मारून टाकतं. आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांतून उतरणारी थॅलेटसारखी द्रव्यंही आड येतात. म्हणजे फवारणीच्या पाइपनेही निकाल बदलू शकतो.

मला यातून एवढंच सांगायचंय की ताईंनी ग्लास काचेचे वापरावेत आणि दर वेळी धुऊन घ्यावेत. मी स्वतः एमएस्सीच्या वेळी साबण नीट न धुतल्याने एक महिन्याचं काम वाया घालवलेलं आहे.

---

दिंडोरीची_वेल | १४ जुलै, सकाळी ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांनाही हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा: लसूणघासात नत्राची शंका आली तशी शेवग्यात पोटॅशची का येऊ नये? शेवग्याचा पाला पोटॅशने भरलेला असतो. बीजपत्र मोठं झालं तर ते झिएटिनने की पोटॅशने, हे कसं ओळखायचं?

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १४ जुलै, दुपारी १२:२०

तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न भल्याभल्यांकडून विचारायचा राहून जातो. पोटॅशियमने कापलेली बीजपत्रं खरोखरच फुगतात. म्हणून नुसतं पाणी हा ग्लास इथे पुरत नाही.

माझा उपाय: जेवढ्या पाल्याचा अर्क करता, तेवढाच पाला लोखंडी तव्यावर जाळून पांढरी राख करा आणि ती तेवढ्याच पाण्यात ढवळून गाळा. क्षार राहतील, झिएटिन जळून जाईल. राखेचं पाणी आणि अर्क यांच्यातला फरक हा सेंद्रिय द्रव्याचा.

---

केळी_रोपवाला | १४ जुलै, दुपारी १:०५

मास्तर, आदराने असहमत. राखेत नत्र उडून जातं, आणि राखेचं पाणी इतकं अल्कधर्मी होतं की त्यानेच बीजपत्र होरपळेल. मग अर्क जिंकला असं वाटेल, आणि ते खोटं असेल. तव्याचं लोखंड उतरेल ते वेगळंच.

द्राक्षवाल्यांच्या गोदामात १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खत, असतंच. लिटरला १ ग्रॅम घ्या. पोटॅशही आलं, नायट्रेटही आलं, आणि पातळ अर्कात असेल त्याहून जास्तच.

दुसरं, अर्काचा अर्धा भाग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून काढा. फिश टँकच्या दुकानात मिळतो. साध्या पाण्याने तीन वेळा धुऊन घ्यायचा, मग अर्कात टाकून तासभर हलवायचं आणि कापडातून, नंतर फिल्टर पेपरमधून गाळायचं. हा कोळसा ऑक्झिन, सायटोकायनिन अशी द्रव्यं धरून ठेवतो आणि पोटॅशसारखे क्षार बहुतांशी जाऊ देतो. आम्ही लॅबमध्ये नको असलेलं हार्मोन माध्यमातून ओढून घ्यायला हेच वापरतो. कोळशानंतर अर्काचा जोर गेला तर तो जोर क्षारांचा नव्हता.

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १४ जुलै, दुपारी १:४०

पटलं. राख मागे घेतो. कोळसा उत्तम.

वेलताई, बीजपत्रासाठी मुळा या भाजीचं बी घ्या. अंधारात दोन दिवस उगवा. प्रत्येक अंकुराला एक मोठं आणि एक लहान बीजपत्र असतं, फक्त लहान घ्यायचं. चाळीस बीजपत्रं एका बशीत, ओल्या फिल्टर पेपरवर, उजेडात तीन दिवस. आधी आणि नंतर वजन. आणि कोणत्या बशीत काय आहे ते मोजणाऱ्याला माहीत नसावं. आपला हात आपल्या आवडत्या बशीकडे झुकतो, हे मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिलंय.

---

निफाडचा_बागायतदार | १४ जुलै, रात्री ९:५०

खरं सांगू का, एवढं सगळं शेतकऱ्याने करायचं? कंपनीने करून कागद द्यायला नको? हार्मोन म्हणून विकायचं असेल तर ते कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावं लागतं. जीए, एनएए, सीसीसी सगळं तिथेच येतं. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) हा वेगळा वर्ग आला आणि त्याच्या व्याख्येतून वाढ नियंत्रकं वगळलेली आहेत. मग एकाच बाटलीवर "शैवाल अर्क" आणि "हार्मोनप्रमाणे कार्य" कसं लिहिता येतं?

---

राहुरीचा_माजी_विद्यार्थी | १४ जुलै, रात्री १०:३०

दादा, राग रास्त आहे. शैवालाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. शैवाल अर्कात स्वतःचं हार्मोन इतकं थोडं असतं की पातळ केल्यावर त्याचा हिशेब लागत नाही. तरी काही अर्कांनी झाडाच्या स्वतःच्या हार्मोनची निर्मिती कमी-जास्त होते असं संशोधनात दिसलंय. म्हणजे आत हार्मोन नसूनही परिणाम हार्मोनसारखा दिसू शकतो. सगळी शैवाल उत्पादनं खोटी असं म्हणू नये. पण मुगाच्या कापलेल्या दांडीवर सहा दिवसांत १९ मुळ्या, हे मलाही शैवालाचं वाटत नाही.

---

दिंडोरीची_वेल | ९ ऑगस्ट, रात्री ८:१५

उशीर झाला, क्षमस्व. मधे पाऊस आणि डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीरोग) दोन्ही एकदमच आले.

प्रयोग केला. तीनदा केला. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मागवला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. बशांच्या खाली मुलीने अ, ब, क, ड, इ लिहिलं आणि यादी तिच्या दप्तरात ठेवली. वजनं मी केली, यादी शेवटी उघडली. चाळीस बीजपत्रांचं तीन दिवसांनंतरचं वजन, पहिल्या खेपेचं:

साधं पाणी: ०.६२ ग्रॅम
१३:००:४५: ०.७९
शेवगा अर्क: ०.९४
कोळशातून काढलेला शेवगा अर्क: ०.८०
बाटली: ०.६०

पुढच्या दोन खेपांना आकडे थोडे हलले, पण पाणी, खत आणि शेवगा यांचा क्रम हलला नाही. कोळशाचा अर्क दर वेळी खताच्या आसपासच राहिला.

यादी उघडली तेव्हा मिस्टर शेजारी होते. ते म्हणाले, "म्हणजे निम्मा शेवगा पोटॅश आहे." मी म्हटलं, आणि उरलेला निम्मा नाही.

मग बाटलीचं केलं. पुन्हा मूग. लिटरला २ मिलीला १८ मुळ्या. दहापट पातळ केली तर ११. दहापट तीव्र केली तर दांडी जाड, पिवळी, मुळ्यांचे नुसते ठिपके, वाढ बंद. आणि २ मिलीचंच पाणी कोळशातून काढलं तर ७. साध्या पाण्याएवढं. मला त्या ग्लासाकडे बघून काटा आला.

---

केळी_रोपवाला | ९ ऑगस्ट, रात्री ८:५०

ताई, फार सुंदर काम. कमी मात्रेला वाढ, जास्त मात्रेला मार, आणि कोळशाने सगळं पुसलं. खत असं वागत नाही.

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | १० ऑगस्ट, सकाळी ६:४०

सकाळी चहा बाजूला ठेवून वाचलं. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

शेवग्याबद्दल: तुमच्या अर्कात सायटोकायनिनसारखं वागणारं, कोळशाला चिकटणारं काहीतरी आहे, हे म्हणायला आता आधार आहे. ते झिएटिनच आहे असं म्हणायला नाही. पानं अंधारात हिरवी राहतात का तेही करून बघा, म्हणजे दोन साक्षीदार होतील. निकाराग्वात १९९० च्या दशकात निकोलाउस फॉइडल यांनी शेवग्याच्या पाल्याचा रस पिकांवर फवारून २० ते ३५ टक्के वाढ नोंदवली होती. तिथून हे सगळीकडे पसरलं. तुमच्या १३:००:४५ च्या बशीसारखी बशी प्रत्येक शेतात असती तर त्यातली पोटॅशची किती आणि हार्मोनची किती हे आज वाद न घालता सांगता आलं असतं.

बाटलीबद्दल: आत ऑक्झिनसारखं काहीतरी आहे, आणि चांगलंच आहे. ते शैवालातून आलं की पिशवीतून ओतलं, हे मूग सांगू शकत नाही. मुगाला आयबीए आणि एनएए दोन्ही सारखेच गोड. ते ओळखायला द्रव्यं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र लागतं.

---

गच्चीवरची_बाग | १० ऑगस्ट, दुपारी १२:१०

सर, पानांचं मी केलं! दहा दिवसांचा गहू, पानांचे दोन-दोन इंचांचे तुकडे, डबा बंद करून कपाटात. पाचव्या दिवशी पाण्यातले पिवळे, खताच्या पाण्यातलेही पिवळेच, शेवग्यातले कडेने पिवळे पण मधे हिरवे. एकदाच केलंय, पुन्हा करते.

गुलाबाच्या काड्यांचंही सांगते. कोरफडीच्या दहातल्या सहा जगल्या, नुसत्या दहातल्याही सहा.

---

निफाडचा_बागायतदार | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

वेलताई, ती बाटली बागेत नेऊ नका. निर्यातीचा माल असेल तर अजिबातच नाही. पुण्याजवळ मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा, नमुना कुठल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा ते सांगतील. खरेदीचं बिल आणि बॅच नंबर जपून ठेवा. बाटली सीलबंद एक वेगळी घ्या, उघडलेली कोणी मानत नाही. खर्च आला तर आम्ही चार जण वाटून घेऊ, मी आमच्या गटात बोललोय.

---

दिंडोरीची_वेल | १० ऑगस्ट, रात्री १०:०५

दादा, बिल आहे. सीलबंद बाटली उद्या आणते. खर्चाचं बोललात, खूप आधार वाटला.

शेवग्याचं आम्ही असं ठरवलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर तीन ओळी. एका वेलीवर अर्क, पुढच्या वेलीवर १३:००:४५, तिसरीवर साधं पाणी, असं ओळभर आलटून पालटून. मणी सेटिंगनंतर प्रत्येक वेलीचे पाच घड, घडाचे वीस मणी, कॅलिपरने मोजणार. कुठल्या वेलीला काय दिलं ते मुलगीच रिबिनीच्या रंगाने ठरवणार आहे. अर्क रोजच्या रोज ताजा, आणि पंप फक्त त्यासाठी वेगळा. मास्तर, एका वेलीचे पाच घड पुरतील का, की दहा घ्यायचे?

---

निवृत्त_वनस्पतीमास्तर | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

पाच घड पुरे. वेली वाढवा. एकाच वेलीचे दहा घड म्हणजे एकाच माणसाला दहा वेळा विचारणं. प्रत्येक प्रकाराला निदान पंधरा वेली धरा, आणि बांधाकडची पहिली वेल सोडून द्या.